बुऱ्हाणपूर बघायला निघालात तर आधी पाणी बघा

आपल्याकडचे लोक म्हणजे एक गंमत आहे. जयपूर-उदयपूरचं पॅकेज घेऊन राजवाडे बघून येतील, आग्र्याला ताजमहालासमोर फोटो काढून येतील, अन् भुसावळहून पॅसेंजरमध्ये बसलं की तासाभरात जे बुऱ्हाणपूर येतं ते मात्र लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीपुरतं नाहीतर इंदूरला जाताना खिडकीतून. मी पण त्यातलाच, तीस वर्षं रावेर साइडला राहून एकदा सुद्धा आत गेलेलो नव्हतो. आता पाच-सहा वेळा झालं, पाहुणे आले की मीच घेऊन जातो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू कसं जायचं, काय आधी बघायचं अन् कुठे टाइम घालवायचा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे परकं गाव नाही हो. नकाशात मध्य प्रदेश आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, पण दोनेकशे वर्षं खान्देशची राजधानी हीच होती. इथल्या फारुकी सुलतानांपैकी नासिर खानाने गाव वसवलं, नाव दिलं खुलताबादच्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं, अन् तापीच्या पलीकडचं जैनाबाद ते जैनुद्दीन या दुसऱ्या सूफी संताच्या नावाचं. खान्देशातला 'खान' हे फारुकीच असंही सांगतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला अन् फारुकी संपले, पोरगा दानियालला इथे बसवलं तर सुभ्याचं नाव 'दानदेश' करून टाकलं, ते नाव काही टिकलं नाही, दानियाल पण दारूपायी इथेच लवकर गेला. बाजारात आजही मराठी बिनधास्त चालते, रिक्षावाला ऐकून घेतो अन् हिंदीत उत्तर देतो.

जायचं कसं. ट्रेन बेस्ट. भुसावळहून खंडवा लाइनला सावदा, निंभोरा, रावेर अन् मग बुऱ्हाणपूर. गाडीने जायचं तर सावदा-रावेर मार्गे रस्ता आहे, किंवा मुक्ताईनगरहून इच्छापूरवरून. इच्छापूरला टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर आहे, घरात म्हातारं माणूस असेल तर तिथे थांबायला लागणारच, तो अर्धा तास आधीच धरून ठेवा. सीझन दिवाळी ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये जायचं नाही म्हणजे नाही, आपल्या इकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, अन् किल्ल्याची गच्ची तर तव्यासारखी तापते.

आता मुख्य मुद्दा. नव्वद टक्के लोक काय करतात, स्टेशनवर उतरतात, रिक्षा करतात, थेट शाही किल्ला, मग मशीद, मग जेवण, अन् संध्याकाळी वेळ उरला तर कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालचे जुने पाण्याचे बोगदे, तोवर तो बंद झालेला असतो. उलटं करा. स्टेशन लालबागेत आहे, गावापासून दोन-तीन किलोमीटर बाहेर, अन् कुंडी भंडारा त्याच अंगाला आहे. म्हणून आधी तिकडे जा. नुसतं जवळ पडतं म्हणून नाही सांगत, पाणी कुठून आलं हे आधी कळलं की नंतरचा राजवाडा, हमाम म्हणजे शाही न्हाणीघर, बागा सगळं डोक्यात बसतं, नाहीतर नुसत्या पडक्या भिंती बघून येता.

कुंडी भंडारा म्हणजे काय ते सांगतो, याला खूनी भंडारा पण म्हणतात, नावाने घाबरू नका. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखाना इथला सुभेदार होता, तोच शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातला दोहेवाला रहीम. गावात फौज, छावणी, व्यापारी, सगळ्यांना पाणी पाहिजे, तापी खाली खोल. तर इराणी भूशास्त्रज्ञ तबकुतुल अर्ज याच्याकडून त्याने जमिनीखालून बोगदे काढून घेतले. सातपुड्यावर पडलेला पाऊस डोंगराच्या पायथ्याला मुरतो अन् जमिनीखालून तापीकडे सरकत राहतो, हे पाणी मध्येच बोगद्यात धरायचं अन् नुसत्या उतारावर गावापर्यंत आणायचं. पंप नाही, मोट नाही, काही नाही. इराणात याला कनात म्हणतात. वरून हवा-उजेडासाठी अन् गाळ काढण्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी खणल्या, त्याच या कुंड्या, शंभराच्या वर आहेत. वरून बघितलं तर शेतात एका रांगेत गोल कठडे दिसतात, लहान पोरं विचारतात एवढ्या विहिरी जवळजवळ कशाला. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा अशी बाकीची पण नावं आहेत, असे आठ भंडारे होते. २०२४ मध्ये हे युनेस्कोच्या संभाव्य यादीत पण गेलं.

खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे, साधारण ऐंशी फूट खाली नेते. आता इथे माझा अनुभव ऐका. पहिल्या वेळेस गेलो तर लिफ्ट बंद. का बंद तर बंद. कधी चालू होईल तर सांगता येत नाही. सोबत जळगावहून आलेले पाहुणे, मी दोन दिवस कौतुक केलेलं, अन् शेवटी वरून कुंडीत डोकावून परत. म्हणून निघायच्या आधी गावातल्या कोणाला, हॉटेलवाल्याला, ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारून घ्या, हा एक फोन पूर्ण ट्रिप वाचवतो.

दुसऱ्या वेळेस आमचे नाना सोबत होते, मामा माझे, केळीवाले, शिक्षण सातवी, पण जमिनीतल्या पाण्याचं त्यांना विचारावं. लिफ्ट खाली थांबली, दार उघडलं, अन् एकदम गार हवा अंगावर. पाय टाकला की पाणी, पोटऱ्यांपर्यंत, अन् काचेसारखं, तळाचा खडा मोजून घ्या. बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढलेला, कुठे मेणबत्तीचं मेण ओघळल्यासारखा, हात लावला की खरखरीत. पुढे थोड्या अंतरावर वरच्या कुंडीतून उजेडाचा गोल पाण्यावर पडलेला, त्याच्या पुढे अंधार, मग परत एक गोल. नानांनी ओंजळीत घेऊन प्यायले, थोडा वेळ काही बोलले नाही. मग म्हणे, "ऐंशी फुटावर पाणी अन् मोटर नाही?" म्हटलं नाही. म्हणे, "आपली बोर सातशेला गेली रे भो." बस एवढंच. वर येईपर्यंत गप्प होते.

हे मी का सांगतोय, तर रावेर-यावलच्या माणसाने हे बघणं म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा तो बझाडा पट्टा, गोटे-वाळूचा, पाणी पिणारा, तोच पट्टा आपल्याकडे पण आहे, आपण त्यावर केळी लावली अन् वरून भोकं पाडत गेलो, यांनी आडवा बोगदा मारला अन् जेवढं आपोआप येईल तेवढंच घेतलं. असो, शेतीचं परत कधी. खाली उतरताना पॅन्ट दुमडून घ्या, बूट वरच ठेवा, चप्पल घसरते म्हणून अनवाणीच बरं, अन् मोबाईल खिशात नाही तर हातात घट्ट. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी वरच थांबावं, जबरदस्ती नको.

आता रिक्षा. स्टेशनवरूनच दिवसभराची ठरवा, कुंडी, किल्ला, जामा मशीद, आहुखाना अन् परत स्टेशन असं एकेक नाव घेऊन ठरवा, कारण आहुखाना तापीच्या पलीकडे आहे अन् पुलाशी आलं की काही जणांना अचानक आठवतं की ते "अलग पडेगा". शनवारा, इतवारा ही दरवाज्यांची नावं पाठ ठेवा, गावात सगळे पत्ते याच दरवाज्यांवरून सांगतात.

शाही किल्ला. इथे तिकीट पुरातत्त्व खात्याचं, पंचवीस रुपयांच्या आसपास, पंधरा वर्षाखालच्या पोरांना नाही. राजवाडा म्हणून उदयपूर डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल, हे आधीच सांगतो. अर्ध्याच्या वर पडलेलं आहे, तापीच्या काठावर उंच भिंती उभ्या आहेत, गच्चीवर दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खासच्या जागा दाखवतात, अन् आत बाग केलेली आहे तिथे पोरंपोरी बसलेली असतात. फारुकींनी बांधला, मोगलांनी वाढवला. नदीच्या बाजूला जाऊन खाली बघा, पाणी कमी असेल तर पात्रात दगडाचा हत्ती दिसतो, पूर्ण हत्तीच्या आकाराचा, पोरं त्याच्यावरून उड्या मारतात.

पण वेळ कुठे घालवायचा तर हमामात. मुमताजचा हमाम म्हणून दाखवतात. आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही, डोळे अंधाराला सरावू द्या, दोन मिनिटं नुसतं उभं रहा, घाई करू नका, मग वर छताकडे बघा. घुमटाच्या आतून रंगीत वेलबुट्टी, फुलं, लाल-हिरवा रंग अजून टिकलेला, कुठे पोपडे निघालेत तर कुठे काल काढल्यासारखा. गाईड एक चित्र दाखवून सांगतो की यावरूनच ताजमहालाचा नकाशा सुचला, ऐकून घ्या, गोष्ट म्हणून छान आहे, तिथेच सोडून द्या. मोबाईलचा फ्लॅश मारू नका, रंग आधीच नाजूक झालेत, छोटी टॉर्च जमिनीवर मारली तर त्या उजेडात पुरेसं दिसतं. अन् मग खाली बघा, मधला हौद, भिंतीतून आलेल्या पाण्याच्या वाटा. सकाळी कुंडीत पाय भिजवून आलेले असाल तर इथे कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

या वाड्यात शाहजहान १६३० ते १६३२ राहिला, दख्खनच्या मोहिमेसाठी. मुमताज इथेच १७ जून १६३१ ला गेली, चौदाव्या बाळंतपणात, मुलगी जगली, गौहरआरा. ही गोष्ट सगळे गाईड सांगतात. जी सांगत नाहीत ती ही की तीच दोन-तीन वर्षं म्हणजे मोठ्या दुष्काळाची, गुजरात, खान्देश, दख्खन सगळं होरपळलं होतं, आपल्याकडे शिवाजी महाराज जन्मले तेच दिवस. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले होते अन् दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचे असं त्याच्या दरबारी इतिहासात लिहिलेलं आहे. वर घुमटात फुलं रंगवलेली अन् वेशीवर लोक खिचडीसाठी रांगेत, हे दोन्ही एकाच गावात एकाच वेळी. गच्चीवर उभं राहून गावाकडे तोंड केलं की मला तरी हेच डोक्यात येतं.

गाईड घ्यायचा का? घ्या, पण अर्धा तास ऐकून मग एकटे फिरा. आमच्या गाईडने ताजमहाल इथे का झाला नाही याची तीन कारणं दिली, वाळवी, लांबून आणायला लागणारा संगमरवर अन् तापीत पडणारी सावली, अन् तिन्ही तेवढ्याच ठामपणे.

किल्ल्यावरून जामा मशीद गावाच्या मध्यात, चालत पण जाता येतं, गर्दीचा रस्ता आहे. नमाजची वेळ टाळा, शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका. बायकांनी डोक्यावर ओढणी-पदर घ्यावा, पुरुषांनी हाफ पॅन्टमध्ये जाऊ नये. राजा अली खान म्हणजे आदिलशाह फारुकीने ही बांधली. पुढे पंधरा कमानी, वर घुमट नाही, दोन उंच मिनार. बहुतेक लोक अंगणात फोटो काढून बाहेर पडतात, त्यांची खरी गोष्ट राहून जाते. आत शेवटाकडच्या मिहराबीपाशी, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कमानीपाशी जा, तिथल्या माणसाला "संस्कृतवाला पत्थर" म्हणून विचारा, आनंदाने दाखवतात. वर अरबी कोरलेलं अन् खाली देवनागरी अक्षरात संस्कृत. सुरुवात 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः' अशी, अन् पुढे संवत १६४६, शके १५११, पौष महिना, तिथी, असा पंचांगासारखा सगळा हिशोब. माझ्या सोबत एक रिटायर्ड संस्कृतच्या बाई होत्या, भुसावळच्या, त्यांनी बोट न लावता हवेतल्या हवेत अक्षरं गिरवत वाचलं, अन् मशिदीतला म्हातारा बाजूला उभा राहून मान डोलावत होता. बाहेर अकबराच्या वेळचा पण लेख आहे, १६०१ चा, असीरगड घेतल्यानंतरचा.

एव्हाना भूक लागलेली असते. बुऱ्हाणपूरचा मांडा खा, आपल्या मांड्यांशी नाव सारखं पण पदार्थ वेगळा, पुरण नाही, मोठी रुमालासारखी पातळ पोळी, हातावर फिरवत फिरवत मोठी करतात ते बघण्यासारखं असतं. शाकाहारीवाल्यांनी सरळ जेवणाची थाळी शोधा किंवा घरून भरीत-पुरी आणा, हिवाळ्यात आम्ही तेच करतो. गोडात मावा जलेबी, काळपट, जाड, एक खाल्ली की दुसरी मागायची हिंमत होत नाही.

दुपारून वेळ असेल तर मकबरे. शाहनवाज खानाचा, खानखानाच्या पोराचा, काळ्या दगडाचा, याला काला ताजमहाल म्हणतात, नावामुळे फार अपेक्षा ठेवू नका पण उतावळी नदीकाठची जागा शांत आहे. त्याच्यापेक्षा मला बेगम शाह शुजाचा, म्हणजे शाहजहानचा पोरगा शाह शुजा याच्या बायकोचा आवडतो, छोटा, खरबुजासारख्या फाका असलेला, अन् आतली नक्षी हमामापेक्षा चांगली राहिली आहे. दर्गाह-ए-हकीमी बोहरी समाजाची, लोधीपुऱ्यात, संगमरवरी, अन् बाग म्हणाल तर अख्ख्या बुऱ्हाणपुरात आज सगळ्यात नीट ठेवलेली बाग हीच. पान पडलेलं दिसत नाही. म्हातारी माणसं दमली असतील तर इथे बसवा, डोकं झाकायचं, आवाज हळू ठेवायचा.

चार वाजता तापी ओलांडून आहुखाना. आहू म्हणजे फारसीत हरण, मोगलांची हरणं ठेवायची बाग होती ही. मुमताजला आधी इथेच पुरलं होतं, सहा महिने, मग डिसेंबर १६३१ मध्ये शव आग्र्याला नेलं. बारादरी म्हणजे चहूबाजूंनी कमानींचा मंडप उभा आहे, बाकी पडझड. बाग म्हणून आज फार काही उरलेलं नाही, झुडपं, शेळ्या, क्रिकेट खेळणारी पोरं, अन् आमच्या वेळेस तर मध्येच कोणीतरी बाइक धूत होतं. लालबागेचं पण तेच, खानखानाची बाग होती, आता वस्तीचं अन् स्टेशनचं नाव राहिलं. पण आहुखान्यातून संध्याकाळी नदीपलीकडे किल्ल्याची पिवळट भिंत दिसते, ऊन तिरकं पडलेलं असतं, अन् दिवसभर बघितलेलं सगळं एका रांगेत समोर येतं, त्यासाठी तरी जा. जमिनीवर टाकायला चादर न्या, पाणी न्या, अन् आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा, तिथे डबा नाही. बायकांसाठी टॉयलेटची सोय पण नाही, ते किल्ल्यावरच उरकून निघा.

एक दिवस जास्त असेल अन् गाडी असेल तर पुढचं. असीरगड वीस किलोमीटरवर, इंदूर रोडला, दख्खनचा दरवाजा म्हणतात, वर महादेवाचं देऊळ आहे अन् अश्वत्थामा रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो अशी समजूत. बोहरड्याला तापीकाठी राजा की छत्री म्हणजे दगडी स्मारक आहे, ही मराठी माणसाने बघायलाच पाहिजे, कारण हा तोच मिर्झाराजा जयसिंग, १६६५ चा पुरंदरचा तह करणारा, दोन वर्षांनी इथेच बुऱ्हाणपुरात वारला. अन् हे पण लक्षात ठेवा की १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा हंबीरराव मोहित्यांसोबत येऊन बहादूरपुरा ही बुऱ्हाणपूरच्या वेशीबाहेरची पेठ लुटून गेल्या, रिक्षावाल्याला बहादूरपूर विचारलं तर बरोबर नेतो. पावसाळ्यात असाल तर बाकी सगळं सोडून अमरावती रोडने महल गुलाराला जा, उतावळी नदीवर बांध घातलाय अन् दोन्ही काठांवर समोरासमोर दोन छोटे महाल, नदीला पाणी असलं की मधून धबधबा कोसळतो. कोरड्या दिवसात गेलात तर नुसता बांध दिसेल अन् मला शिव्या द्याल. पावसात दगड शेवाळलेले असतात, पोरांचा हात सोडू नका.

म्युझियमची आवड असलेल्यांनी एक समजून घ्या, किल्ल्यात काचेच्या कपाटात तलवारी-दागिने असं काही नाही, खोल्या रिकाम्या आहेत. कागदपत्रं, जुन्या मूर्ती, पोथ्या बघायच्या तर त्या दुसऱ्या दिवशी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बघा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटी गेले अन् लगेच १९२७ मध्ये लोकांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं, आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी जमवलेली दप्तरं तिथे आहेत. धुळ्यालाच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. अन् पोरं बरोबर असतील, एसी पाहिजे असेल, तर जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थ, २०१२ ला सुरू झालं, ते एकदम नवीन पद्धतीचं, पोरांना कंटाळा येत नाही.

परतीच्या गाडीच्या एक तास आधी स्टेशनकडे निघा, शनवाऱ्याला संध्याकाळी ट्रॅफिक लागतो. अन् वाटेत दराबा घ्या, रवा, साखर, तूप फेटून फेटून एवढं हलकं करतात की तोंडात ठेवला की विरघळतो. डब्यातच मागा, पिशवीत घेतला तर रावेर येईपर्यंत त्याचा लगदा होतो, आमचा झाला होता, नानांनी तसाच चमच्याने खाल्ला.